स्ट्रोकनंतर अंगाची आग – आरटीएमएसचा कुणाला अनुभव आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न सासऱ्यांसाठी आहे. वय ६८, मुक्काम सांगली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दोनेक वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला. चालणं-बोलणं बऱ्यापैकी सुधारलं, पण काही महिन्यांनी डाव्या अंगाची आग सुरू झाली आणि ती काही केल्या थांबत नाही. एमआरआयमध्ये उजव्या थॅलॅमसला (मेंदूतला संवेदना पुढे पोहोचवणारा भाग) इजा दिसते. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, "सेंट्रल पोस्ट-स्ट्रोक पेन. हातात काही बिघाड नाही, दुखणं मेंदूत तयार होतंय."

डॉक्टरांनी त्या हाताला टाचणी लावली तर अण्णांना धड कळत नाही, पण पंख्याचा वारा लागला की मिरची चोळल्यासारखे कळवळतात. सदऱ्याची डावी बाही कापून टाकली आहे. गार पाण्याचा तांब्या चुकूनही त्या हाताने उचलत नाहीत.

प्रीगॅबालिनने तोल जायला लागला, डोस वाढवता येईना. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने लघवी अडकली (प्रोस्टेट आहेच), म्हणून बंद. सध्या फारच झालं तर ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी.

आता पुण्यातल्या एका क्लिनिकने आरटीएमएस (डोक्यावर चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार) सुचवलंय. वीस सिटिंगचं पॅकेज, पैसे सगळे आधी, आणि "हमखास गुण येतो" असं फोनवरच सांगितलं. या "हमखास"नेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नणंदेला वाटतंय की हा वेड्यांना देतात तो शॉक आहे, त्यामुळे घरात वेगळाच वाद. मला एवढंच विचारायचंय: अशा दुखण्यावर हे खरंच चालतं का, आणि पैसे भरायच्या आधी क्लिनिकला नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओ आहे, स्ट्रोकचे पेशंट रोज बघते. आधी नणंदबाईंची शंका. हा शॉक नाही. भूल देत नाहीत, फीट आणत नाहीत. माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो, डोक्याला कॉइल टेकवतात, टकटक आवाज येतो म्हणून कानात बोळे देतात. चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक प्रवाह तयार होतो, बस. पहिलं यंत्र १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला झालं, म्हणजे अगदी कालपरवाचं खूळही नाही.

आता मुद्द्याचं. क्लिनिकला विचारा, "कॉइल कुठे ठेवणार?" आपल्याकडे बरीच यंत्रं घेतली जातात ती नैराश्यासाठी (अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली तीही त्यासाठीच), आणि तिथे कॉइल डाव्या कपाळामागच्या भागावर असते. दुखण्यासाठी जागा वेगळी: हालचालींचा पट्टा, म्हणजे मोटर कॉर्टेक्स, आणि तोही दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा. अण्णांचं डावं अंग दुखतं, तर कॉइल उजवीकडे हवी. साधारण सेकंदाला दहा किंवा जास्त ठोके. सुरुवातीला हात किंवा अंगठा उडतो ती जागा आणि त्यासाठी लागणारा जोर शोधतात. हे न करता थेट सुरू करत असतील तर उठून या.

२०२१ मध्ये फ्रान्समधल्या चार केंद्रांचा मोठा अभ्यास आला. सुमारे दीडशे रुग्ण, काहींना खोटी कॉइल. मोटर कॉर्टेक्सवर दिलेल्यांना फरक पडला, कपाळामागच्या भागावर दिलेल्यांना खोट्या कॉइलपेक्षा जास्त काही मिळालं नाही. मात्र ते रुग्ण हातापायांच्या नसांच्या दुखण्याचे होते, स्ट्रोकचे नव्हते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्ये नसांच्या दुखण्यासाठी या पद्धतीला सर्वांत वरचा दर्जा दिला. उलट कॉक्रेनने (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१८ मध्ये सगळ्या प्रकारची जुनाट दुखणी एकत्र धरून पाहिली, तर फायदा थोडा आणि थोड्याच काळापुरता दिसला. म्हणजे उपाय खरा आहे, "हमखास" खोटं आहे.

अजून एक, आणि हे आधी करा: ट्रॅमाडॉलने फीट येण्याचा धोका वाढतो. आरटीएमएसमध्येही क्वचित फीट येऊ शकते, आणि स्ट्रोक झालेल्या मेंदूत ती शक्यता मुळातच जास्त. पूर्वी कधी आकडी आली होती का, डोक्यात क्लिप किंवा कानात इम्प्लांट आहे का, पेसमेकर आहे का, हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं. विचारलं का?

प्रतिसाद २

माझ्या भावाला बाइकच्या अपघातात खांद्याच्या नसा तुटल्यानंतरच्या दुखण्यासाठी केलं होतं. आठवडाभराने ठणका निम्म्यावर आला, झोप लागायला लागली. पुढे महिना-सव्वा महिन्यात परत चढला. मग ठरावीक अंतराने एकेक सिटिंग. तेव्हा पॅकेजच्या पलीकडचा खर्च आत्ताच विचारून ठेवा, नाहीतर वीस संपल्यावर पुढचं पॅकेज समोर येतं. आणि आधीपासून वही करा: रोज रात्री शून्य ते दहापैकी किती दुखलं, झोप किती. त्याशिवाय बरं वाटतंय की पैसे भरलेत म्हणून बरं वाटतंय हे कळत नाही. (आमच्या आईला पहिल्याच दिवशी "चेहरा उजळला" दिसला होता.)

प्रतिसाद ३

ऑनलाइन मिळणारा बॅटरीचा पट्टा चालेल का मग? स्वस्त पडतो.

प्रतिसाद १ → ३

ते टीडीसीएस, वेगळी गोष्ट. एक-दोन मिलिअँपचा सौम्य प्रवाह. फायब्रोमायल्जियात (अंगभर दुखण्याचा जुनाट आजार) त्याचा थोडा उपयोग दिसलाय. पण स्ट्रोकच्या पेशंटवर घरी स्वतःच्या मनाने अजिबात नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लिनिकला आत्ताच फोन केला. "कॉइल कुठे" या प्रश्नावर रिसेप्शनवरच्या मुलीने "मॅडम, डोक्यावर" असं सांगितलं 😀 डॉक्टर संध्याकाळी बोलतील म्हणाली. ट्रॅमाडॉलबद्दल तिकडून कुणीच विचारलं नव्हतं, ते आमच्या न्यूरोलॉजिस्टना उद्याच विचारते. वीसचे पैसे आधी भरणार नाही. पाच-दहा सिटिंगचे घेत असतील तर बघू, वही आजपासून सुरू.

मिरज-कोल्हापूरकडे नैराश्यासाठी नाही, दुखण्यासाठी हे करणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुण्यात राहायची सोय आहे, पण एवढ्या प्रवासात एसीचा झोत त्या हाताला सोसत नाही, आणि खिडकी उघडली तर वारा.