पाचपट नाही भाऊ, दीडपटच्या आसपास

वरती एका भाऊनं लिहिलं का चिंपांझीत माणसाच्या पाचपट ताकद असते. हा आकडा लय जुना हाय, १९२० च्या दशकात अमेरिकेत जॉन बाउमननं प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझीले दोर ओढाले लावून मोजमाप केलं तिथून तो पसरला, अन मंग १९४३ मध्ये ग्लेन फिंचनं तसंच मोजलं तं एवढा फरक निघालाच नाही. २०१७ च्या अभ्यासात तं स्नायूचे तंतूच तपासले, अन हिशेब आला साधारण १.३५ पट. चिंपांझीच्या स्नायूत झटक्यानं आकसणारे तंतू जवळपास ६७ टक्के, आपल्यात उलटं, दमानं काम करणारे जास्त.

आता हे मले वावरात कसं दिसते सांगतो. परवा तुरीत वानरं घुसले (ते एप, म्हंजे चिंपांझी-गोरिलासारखं बिनशेपटीचं, नाही बरं, शेपटी पाहा ना त्याची), एक मादी पोटाशी पिलू घेऊन धुऱ्यावरून बाभळीवर एका झेपेत गेली, मी गोफणीत गोटा टाकेपर्यंत खेळ खल्लास. पण बाजूच्याच पऱ्हाटीत आमच्या बाया सकाळपासून कापूस वेचत होत्या, ओटी भरली का गाठोड्यात रिकामी, पुन्हा तासात (ओळीत), दिवस बुडेपर्यंत. चिंपांझीले लावा म्हणा एक दिवस वेचाले! गोरिलाचं सोडा, तो नर दीडशे किलोच्या वर भरते, त्याच्याशी कुस्ती कोण खेळते बे.