नवीन गाडी, पहिल्याच पावसात डिकीत पाणी. ९ लाखांच्या छोट्या गाडीकडून एवढीपण अपेक्षा ठेवायची नाही का?

पुणे_सातारा_येजा:
नमस्कार मंडळी, जूनमध्ये ४ मीटरच्या आतली पेट्रोल एएमटी (क्लच-गिअर आपोआप टाकणारी) घेतली, मधलं व्हेरियंट, शोरूम किंमत ९ लाख, रोड टॅक्स इन्शुरन्स धरून साडेदहाला पडली. त्यातले ३ लाख बाबांच्या ग्रॅच्युइटीचे आहेत म्हणून जास्त जीवाला लागतंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण नकोय, उपाय हवाय.

ऑगस्टमध्ये गाडीत कुबट वास यायला लागला, आधी वाटलं एसीचा असेल, शेवटी आईने डिकीतलं मॅट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं आणि जॅक-पाना गंजलेला. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस ठेवून घेतली, धुऊन पुसून परत दिली, पुढच्या पावसात परत तेच. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने करकर येते, रस्ता खराब लागला की सुरूच. आणि शनिवारी सकाळी खंबाटकी चढताना ट्रॅफिक असलं की झटके देते, एकदा तर जळका वास आला. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "मॅडम, हे सगळ्यांच्याच गाडीत असतं." वरून २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, तीन महिने थांबलो असतो तर निदान तेवढे तरी वाचले असते. या पैशात ५ वर्षं जुनी मोठी गाडी घ्यायला हवी होती का? आता काय करता येईल?

कोकणातला_ड्रायव्हर:
ताई, तिन्ही गोष्टी एकत्र करू नका. घाटातले झटके हा एएमटीचा स्वभाव आहे, आत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी मशीन टाकतं. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि प्लेट तापते, तो वास त्याचाच. चढाला ट्रॅफिकमध्ये थांबलात की सरळ ब्रेक किंवा हँडब्रेक, पुढची गाडी चांगली दोन गाड्यांएवढी सरकली की मगच निघायचं, आणि घाट चढताना मॅन्युअल मोडला टाकून पहिला-दुसरा धरून ठेवा. मी आंबा घाट असाच चढतो. क्लच प्लेट बहुतेक वेळा वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून आत्ताच सवय लावा.

पण डिकीत पाणी हा स्वभाव नाही, तो दोष आहे. त्यात माघार घेऊ नका.

नाशिकची_माणसं:
माझं स्पष्ट मत, चुकली ती खरेदीच. ४ मीटर आणि १२०० सीसीच्या आत बसवायचं म्हणून सगळं कापत आणतात, कारण तिथे टॅक्स कमी. मग तेवढ्याच पैशात मोठी स्क्रीन, सनरूफ पण द्यायचं, मग पैसे कुठे वाचवणार? रबरात, क्लिपात, पत्र्यात. बोनेट बोटाने दाबलं तरी आत जातं. यापेक्षा ५ वर्षं जुनी सेडान कधीही बरी.

वर्कशॉप_कोल्हापूर:
@नाशिकची_माणसं रबर आणि क्लिपांचं पटलं, पत्र्याचं अजिबात नाही. बोनेट, फेंडर ही वरची कातडी आहे, जीव वाचवतो तो आतला सांगाडा. २०१४ ला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेने, भारतातल्या ५ छोट्या गाड्या ताशी ६४ किमीने धडकवल्या तेव्हा पाचही शून्य स्टार होत्या, आणि २०१८ ला टाटाच्या नेक्सॉनला ५ स्टार मिळाले, ती पण ४ मीटरच्या आतलीच. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप आहे, त्यावर बघा, बोट लावून नको. आणि ५ वर्षं जुन्या सेडानचे टायर, सस्पेन्शन, बॅटरी, इन्शुरन्स धरून हिशोब करा, ताईंच्या बाबांच्या पैशाने दुसऱ्याची दुखणी विकत घ्यायची का?

ताई, पाणी कुठून येतं ते स्वतः शोधा. डिकी पूर्ण रिकामी करा, आतून कोरडी पुसा, सगळीकडे जुने पेपर अंथरा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी मारा, आधी खालून, मग टेललॅम्प, मग डिकीच्या दाराचं रबर, शेवटी छत. एका जागी निदान ५ मिनिटं. एकदम वरून मारलं तर कळणार नाही कुठून आलं. माझ्याकडे येतात त्यात टेललॅम्पमागचं पॅकिंग नीट न बसलेलं असतं बरेचदा. सनरूफ असेल तर त्याच्या ड्रेनच्या नळ्या पण बघा. लवकर करा, जोडावर गंज धरला की मग अवघड.

जॉबकार्ड_जपून_ठेवा:
माझी केस ग्राहक आयोगात दीड वर्ष चालली म्हणून कळकळीने सांगते. तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रारी लिहितं त्या कागदावर, "डिकीत पाणी येते, दुसऱ्यांदा" असं तुमच्या शब्दात लिहून घ्या, "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करू नका. तेच कंपनीच्या कस्टमर केअरला फोटोसकट ईमेल करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. तरी नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार करायची मुदत २ वर्षं, ५ ते १० लाखांच्या वस्तूला फी फक्त २०० रुपये. तिथे दोष सिद्ध करावा लागतो, माझं घोडं तिथेच अडलं होतं, पहिल्या तीन व्हिजिटचा कागदच नव्हता.

पुणे_सातारा_येजा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भाऊ आत बसला, बाबांनी पाइप धरला. डाव्या टेललॅम्पच्या मागून धार लागली, ४ मिनिटांत पेपर भिजले, व्हिडिओ काढलाय. आज सर्व्हिस सेंटरला दाखवला, या वेळी कोणी "सगळ्यांच्याच गाडीत" म्हणालं नाही. जॉब कार्डवर माझ्या शब्दात लिहून घेतलं, गुरुवारी लॅम्प काढून पॅकिंग बदलणार आहेत, जॅक-पाना पण नवीन मागितलाय. खड्ड्याच्या कडेला जोडावर थोडा तांबूस डाग दिसतोय, @वर्कशॉप_कोल्हापूर दादा, त्याचं पण त्याच कार्डवर लिहून घेऊ का वेगळं?

वर्कशॉप_कोल्हापूर:
त्याच कार्डवर, आणि फोटोत गाडीचा नंबर येईल असा काढा. पॅकिंग बसवल्यावर तिथेच त्यांच्यासमोर परत पाणी मारून बघा, त्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.