बीजिंगचा राजवाडा एका दिवसात: ताइहे दिआन नीट कसं पाहावं?

शर्वरी_म
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये बीजिंगला चाललेय, सोबत आई (वय 68, गुडघेदुखी). राजवाड्यासाठी एकच दिवस हाताशी आहे. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ताइहे दिआन हे मुख्य दरबाराचं दालन पाहायचं हे तिच्या फार वर्षांपासून मनात आहे. मी फोटो बघून गोंधळलेय, सगळी दालनं सारखीच वाटतात. तिथे नेमकं काय बघायचं आणि काय सोडलं तर चालेल? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

दक्षिणदार
ताई, आधी तिकिटाचं बघा. पासपोर्ट क्रमांक देऊन सात दिवस आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि लगेच संपतं. सोमवारी बंद असतं. 1 ते 7 ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी, ते दिवस टाळाच. आत जायचं दक्षिणेच्या वूमन दरवाजाने, बाहेर पडायचं शक्यतो उत्तरेच्या शेनवूमनने. सरळ चाललात तरी 961 मीटर. मागे फिरावं लागलं तर आईंचे हाल होतील, म्हणून क्रम घरूनच ठरवून जा.

आता ताइहे दिआन. आत सोडत नाहीत, दारातूनच बघायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मधल्या दारापाशी अर्धा तास रेटारेटीत उभा होतो. आत अंधार, डोळे सरावेपर्यंत मागचे लोक पुढे ढकलतात. सिंहासनाला पाच मिनिटं द्या, बाकी वेळ बाहेर काढा. कारण या दालनाचा इतिहास आगीचा आहे आणि तो बाहेरून वाचता येतो.

योंगल सम्राटाने 1420 मध्ये राजवाडा पुरा केला आणि पुढच्याच वर्षी वीज पडून हे दालन जळालं. वीस वर्षं जागा तशीच, 1441 मध्ये पुन्हा उभं राहिलं. मग 1557, 1597, 1679, दर वेळी राख. आज दिसतं ते कांगशी सम्राटाच्या काळात 1695 ते 1697 मध्ये बांधलेलं. मूळ इमारत याहून मोठी होती. नैर्ऋत्येच्या जंगलातलं जुनं नानमू लाकूड तोवर दुर्मीळ झालं होतं, म्हणून खांबांना पाइन वापरलं.

आईंना समोरच्या पटांगणात उभं करा आणि आपल्या वाड्यात मोजतो तसे खण मोजायला सांगा: रुंदीला अकरा, खोलीला पाच, खांब 72. मग दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. पूर्वी तिथे लाकडी तिरप्या ओसऱ्या होत्या आणि आग त्यांच्यावरूनच शेजारच्या इमारतींकडे धावायची. 1695 च्या बांधकामात त्या काढून विटांच्या भिंती घातल्या. माझ्या मते सगळ्या राजवाड्यातला हा सर्वांत शहाणा बदल, आणि तिथे कुणी थांबतसुद्धा नाही.

छोटी दुर्बीण न्याच. छपराच्या कोपऱ्यावर ओळीने दहा प्राणी बसलेत. मागच्या बाओहे दिआन या दालनावर नऊच आहेत. दहावा, पंखवाला माकडासारखा, विजेपासून राखण करणारा. चीनभर तो या एकाच छपरावर मानतात. खाली मोठे धातूचे रांजण दिसतील, ते आग विझवायच्या पाण्याचे. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव ठेवत. सोन्याचा मुलामा दिलेल्या रांजणांवर हात फिरवून बघा, ओरखडे बोटांना लागतात. 1900 मध्ये शिरलेल्या परदेशी फौजांनी सोनं खरवडून नेलं असं तिथे सांगतात.

रात्रराणी
वरचा प्रतिसाद फार आवडला, वाचनखूण साठवली. पण एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला ताइहेपेक्षा याच राजवाड्यातलं यांगशिन दिआन जास्त भावेल. ताइहेचा वापर राज्यारोहण, नववर्ष, सम्राटाचा वाढदिवस अशा मोजक्या दिवशी. रोजचा कारभार योंगजंग सम्राटापासून यांगशिनमधून चाले, आणि सम्राट राहायचाही तिथेच. वास्तू 1537 ची, पुढची-मागची दोन दालनं मध्ये एका मार्गिकेने जोडलेली.

पूर्वेच्या खोलीत पुढे बाल सम्राट आणि पिवळ्या पडद्याआड त्याच्या वतीने कारभार बघणारी राजमाता त्सशी बसायची. पश्चिमेला छ्येनलोंग सम्राटाची अभ्यासिका, इतकी चिमुकली की एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी तिथे मांडी घालून अक्षरलेखनाचे तीन जुने नमुने बघत बसायचा हे खरं वाटत नाही. आणि 12 फेब्रुवारी 1912 ला शेवटचा सम्राट पुयी याच्या पदत्यागाचं फर्मान इथेच निघालं. त्याच पुयीचं राज्यारोहण 1908 मध्ये ताइहेत झालं होतं, तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. दोन्ही जागा एकाच दिवशी बघितल्या तर आईंना तो काळ समोर दिसेल. फक्त यांगशिन बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

सिंहासनाची गोष्टही सांगा त्यांना. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याला 1915 मध्ये सम्राट व्हायचं होतं, त्याने जुनं हलवून नवं आसन बसवलं. मूळ सिंहासन मोडक्या अवस्थेत कोठारात पडून होतं. ते 1959 मध्ये एका जुन्या छायाचित्रावरून ओळखलं आणि दुरुस्त करून पुन्हा जागेवर आणलं.

शर्वरी_म
दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती आतापासून खण मोजतेय! एक शंका: ताइहेच्या चौथऱ्याच्या पायऱ्या तिला झेपतील का?

दक्षिणदार
चौथरा संगमरवरी, तीन थरांचा, आठ मीटरहून उंच. चढायचा हट्ट नको. पूर्वेच्या बाजूने जमिनीवरूनच वळसा घालून पुढे जाता येतं. त्या वाटेने चौथरा जवळून दिसतो, त्याच्या कडेची दगडी ड्रॅगनमुखंही. ती पावसाच्या पाण्याच्या पन्हळी आहेत, एकूण 1,142. पाऊस लागला तर वैतागू नका, थांबून बघा.

वळसा पुरा झाला की बाओहे दिआनच्या मागे निघाल. तिथे उतारावर 16 मीटरहून लांब अखंड दगडात ड्रॅगन-ढगांचं कोरीवकाम आहे, वजन 200 टनांच्या वर. असे दगड हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून, बर्फावरून घसरवत आणले. ते खालूनच छान दिसतं, पायऱ्यांची गरज नाही. तिथे आईंना बसवा, पाणी द्या, मग यांगशिनकडे डावीकडे वळा.