संध्याकाळची कोर्टं बुकिंगला द्यायची की ओपन प्लेला?

मधली रेघ (धागा सुरू करणारी)

पिकलबॉल (छोट्या कोर्टावर पॅडलने, म्हणजे छोट्या बॅटने, नेटपलीकडे बॉल मारायचा खेळ) केंद्राचं वेळापत्रक म्हणजे ऑफिसात बसून भरायचा तक्ता, असं वाटतं. पण कोणाला खेळायला मिळणार आणि कोण बाकावर बसून राहणार, हे त्या तक्त्यातच ठरतं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. संध्याकाळी, लोक कामावरून सुटतात त्या दोन-तीन तासांत, कोर्टं तासातासाने बुकिंगला देऊ नयेत. जवळजवळ सगळी ओपन प्लेला ठेवावीत. खासगी बुकिंग आणि क्लिनिक, म्हणजे शिकवणीचे वर्ग, दुपारी करा, सकाळी उशिरा करा, तेव्हा कोर्टं तशीही ओस असतात.

नवीन असाल तर ओपन प्ले कसं चालतं ते थोडक्यात. आल्यावर आपलं पॅडल रॅकमध्ये लावायचं. कोर्ट मोकळं झालं की रॅकमधली पहिली चार पॅडल आत. ११ गुणांचा एक गेम, संपला की चौघंही बाहेर, पॅडल पुन्हा शेवटी.

आता हिशोब. सहा कोर्टं धरू आणि एका गेमला अदलाबदलीसकट १५ मिनिटं. बुकिंग असेल तर तासाला २४ जण खेळतात, पंचविसावा आला तरी त्याला दार बंद. तेच ओपन प्लेला ३६ जण आले तर? २४ आत, १२ बाहेर. सहा कोर्टं असल्यामुळे सरासरी दर अडीच मिनिटांनी एक कोर्ट सुटतं, म्हणजे रांगेत सगळ्यात मागे असलेल्यालाही साडेसात मिनिटांत खेळायला मिळतं. तासात ४० मिनिटं खेळ प्रत्येकाला, आणि १२ माणसं जास्त.

आणि "अर्धी अर्धी करू" हा जो मधला मार्ग सुचवला जातो ना, तो सगळ्यात वाईट. तीन कोर्टं बुक झाली, १२ जण आरामात तासभर खेळले. उरलेले २४ तीन कोर्टांवर. तिथे कोर्ट सुटायला पाच मिनिटं लागतात, थांबावं लागतं १५ मिनिटं, आणि खेळ तासात ३० मिनिटांवर येतो. माणसं तेवढीच, कोर्टं तेवढीच. फक्त एकाची मिनिटं काढून दुसऱ्याला दिली.

आठ ते नऊ

हिशोब बरोबर आहे, पण माणसं गृहीत धरलीयत. तुमचा ३६ चा आकडा कोण पाळणार? ओपन प्लेला ६० जण आले तर तुमच्याच पद्धतीने मोजा: ३६ बाहेर, साडेबावीस मिनिटं थांबा, १५ मिनिटं खेळा. तासात २४ मिनिटं.

मला घरातलं सगळं आवरून एकच तास मिळतो. तो तास मिळावा म्हणून मी आठवडाभर घरच्यांशी वेळा जुळवते. त्या तासात मी रॅकपाशी उभी राहायला येत नाही. बुकिंग म्हणजे चैन नाही हो, ज्याच्या हातात वेळ कमी त्याच्यासाठी तो एकच दरवाजा आहे. ओपन प्ले परवडतं ते तीन तास मोकळे असणाऱ्यांना.

मधली रेघ

६० येऊच द्यायचे नाहीत. कोर्टामागे सहा माणसं, त्यापुढे नोंदणी बंद. मर्यादेशिवाय ओपन प्ले ठेवा असं मी म्हणत नाहीये, म्हणणारही नाही. आणि एकच तास मिळणाऱ्या बाईला बुकिंगमध्ये तरी कोर्ट मिळतं का? सहा कोर्टं, सहा गट. मोबाइल हातात घेऊन मिनिटाला टपून बसणाऱ्यांना मिळतं.

ड्रॉप शॉट

दोघीही मुख्य अडचण सोडून बोलताय. ओपन प्ले मोडतं ते पातळीमुळे.

चौघांत तीन जण बरे खेळणारे आणि एक महिन्यापूर्वी शिकलेला. काय होतं? प्रत्येक बॉल त्याच्याकडेच जातो. त्याचा जोडीदार नेटपाशी पॅडल वर धरून उभा, त्याला गेमभर बॉलच लागत नाही. समोरचे दोघं जिंकतात आणि त्यांनाही कंटाळा येतो. नवखा बाहेर येऊन प्रत्येकाला "सॉरी" म्हणतो. हे मी फार वेळा बघितलंय, आणि त्यातले बरेच जण पुन्हा दिसत नाहीत. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा खेळ पहिल्याच दिवशी जमायला लागतो. सर्व्ह खालून, कोर्ट २० बाय ४४ फुटांचं, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, बॉल प्लास्टिकचा भोकं असलेला. इतक्या सोप्या खेळातून माणूस बाहेर पडतो तो आपण चुकीच्या चौघांत घातल्यामुळे.

शिवाय १५ मिनिटांचा आकडाही डळमळीत आहे. सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच गुण, या नेहमीच्या पद्धतीत ११-१ चा गेम आठ मिनिटांत आटोपतो. तोडीस तोड चौघं असले, वर दोन गुणांचा फरक हवा, तर पंचवीस मिनिटंही जातात. मग रॅकपाशी कुरबुर सुरू.

म्हणून पातळीप्रमाणे कोर्टं वाटा. खेळाडूंच्या पातळीचे आकडे असतात, जितका मोठा तितका खेळ चांगला: ३.० पर्यंत दोन, ३.५ च्या आसपास दोन, ४.० च्या वर दोन.

मधली रेघ

पातळीचा मुद्दा मान्य, वाटणी नाही. तीन रांगा केल्या की तीन छोटी केंद्रं झाली. एखाद्या दिवशी मधल्या पातळीचे २० आणि वरचे पाच आले तर वरच्या दोन कोर्टांवर पाच जण आणि मधल्या दोनवर २० जण ताटकळणार. कडेची दोन कोर्टं नवख्यांची पक्की करा. बाकी चारमध्ये पातळ्यांमधली रेघ हलती ठेवा, रांग बघून.

पहाटपाळी

मी एका केंद्रात वेळापत्रक लावायचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

बुकिंगची खरी गोम कोर्टावर दिसते. डबल्सच्या नावाने कोर्ट घेतात, दोघंच येतात, सिंगल्स खेळतात. किंवा चौघांपैकी एक उशिरा, एक येतच नाही, आणि उरलेले दोघं वीस मिनिटं डिंक, म्हणजे नेटपाशी हलके फटके, मारत बसतात. कागदावर सहाही कोर्टं भरलेली, प्रत्यक्षात मैदानावर पंधरा-सोळा जण. बाहेर काचेतून लोक बघतायत. त्यांना मी काय सांगायचं, कोर्ट भरलंय?

त्यामुळे मूळ मताला माझा पाठिंबा आहे, पण अटींसह. बुकिंग ठेवलंच तर दहा मिनिटांत चारपैकी तीन हजर नसतील तर कोर्ट ओपन प्लेला सोडायचं. गर्दीच्या वेळी सिंगल्स नाही. ऐनवेळी रद्द करणाऱ्याला पुढच्या आठवड्यात त्या वेळेचं बुकिंग नाही. हे तीन नियम लेखी, दारावर लावलेले असावेत आणि केंद्राच्या जुन्या सदस्यांनाही तसेच लागू व्हावेत. मी आरडाओरड्याला घाबरत नाही, पण नियम माणूस बघून बदलला की माझ्या टेबलापाशी उभं राहणं कठीण होतं.

आणखी एक. सगळे स्लॉट एकाच ठोक्याला बदलू नका. सहा कोर्टांचे २४ बाहेर येतात, २४ आत जातात, दारात सगळा गोंधळ, पार्किंगमध्ये त्याहून जास्त. तीन कोर्टं पूर्ण तासाला आणि तीन अर्ध्या तासाला बदला. एवढ्या एका बदलाने निम्मी भांडणं मिटतात.

आठ ते नऊ

पहाटपाळीताई, हेच तर मी म्हणतेय. बुकिंग नीट चालवा. दोघं येतात म्हणून पद्धतच रद्द कशाला? दहा मिनिटांचा नियम लावला की तुमची रिकामी कोर्टं संपली.

पहाटपाळी

रिकामी कोर्टं कमी होतील, दार बंद असलेली माणसं नाही. तो पंचविसावा बाहेरच राहतो.

बेसलाइन

मी शिकवतो, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं पटत नाही.

ओपन प्लेच्या हट्टात क्लिनिकला दुपारी ढकललंय. दुपारी येतं कोण? नोकरी करणारा नवखा येऊ शकत नाही. म्हणजे ज्याला शिकायची सगळ्यात जास्त गरज, त्याला तुम्ही न शिकवता थेट रॅकपाशी उभं करणार, आणि मग ड्रॉप शॉट म्हणतात तसं तो "सॉरी" म्हणत निघून जाणार. किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या सात फुटांत, पाय असताना बॉल हवेत मारायचा नाही. सर्व्हनंतर दोन्ही बाजूंनी एकेक टप्पा पडू द्यायचा. एवढं तरी कोणीतरी उभं राहून शिकवायला लागतं. बॉल अंगावर आला तर पाठ फिरवायची नाही, डोळ्यांना चष्मा लावायचा, हेही. संध्याकाळी एक कोर्ट क्लिनिकला पाहिजेच, आणि ते शेवटचं, टोकाचं पाहिजे. मधल्या कोर्टावर क्लिनिक घेतलं तर सगळ्यांच्या पायांत बॉल घरंगळत जातात आणि शेजारचा गेम दर दोन मिनिटांनी थांबतो.

आणि बाकीच्या कोर्टांवर रांग नको, राउंड रॉबिन घ्या. कोर्टामागे पाच जण, नाव नोंदवून. पाच गेम होतात, प्रत्येकात एक जण बाहेर बसतो. गंमत बघा: पाच गेममध्ये प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच जोडी जमते, आणि प्रत्येक जण प्रत्येकासमोर दोनदा येतो. ७५ मिनिटांत प्रत्येकाचे चार गेम, तास भरून खेळ. पाच जण पातळीने जवळचे निवडता येतात. येण्याची वेळ ठरलेली, जाण्याची ठरलेली. "आठ ते नऊ" यांना जे हवंय तेही यात आहे.

ड्रॉप शॉट

हे आवडलं. नेहमीच्या गटापलीकडची माणसं भेटतात, तरी पातळी सांभाळली जाते.

मधली रेघ

बेसलाइन, कल्पना चांगली आहे, पण ती माणसांच्या वक्तशीरपणावर उभी आहे. पाचातला एक आला नाही तर चालेल, चौघं सलग खेळतील. दोन आले नाहीत की तिघं उरले आणि कोर्ट मेलं. रांगेत असं होत नाही, कोण आलं नाही हे रांगेला कळतही नाही.

दुसरं म्हणजे, नाव नोंदवून येणं हे पुन्हा बुकिंगच झालं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ जमवला, तो घरातल्या कंटाळलेल्या मुलांसाठी, हाताला लागेल ते सामान घेऊन. नंतर बार्नी मॅकॅलम त्यात आले. जे हजर होते ते खेळले. अनोळखी माणसाला "चला, एक कमी आहे" म्हणून आत घेणं हा या खेळाचा गाभा आहे असं मला मनापासून वाटतं. वेळापत्रकाने तो मारू नये.

बेसलाइन

घरच्या कोर्टावर मुलांची यादी कोण करतं? तिथे एक कोर्ट, ओळखीची माणसं. सहा कोर्टांवर ३६ अनोळखी लोक म्हणजे वेगळी गोष्ट. तिथे यादी नसली की आवाज मोठा असलेला खेळतो. आपलं पॅडल हळूच दोन जागा पुढे सरकवणारे तुम्हीही पाहिले असतील.

चाकांवरून

मी व्हीलचेअरवरून खेळते. आतापर्यंत कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिते.

रांगेतून "जे कोर्ट सुटेल तिथे जा" हे मला चालत नाही. कोर्टाच्या रेघा २० बाय ४४, पण भोवती मोकळी जागा किती सोडली त्यावर सगळं आहे. बऱ्याच ठिकाणी ३० बाय ६० वर भागवतात, म्हणजे बाजूला पाच फूट आणि मागे आठ फूट. तेवढ्यात खुर्ची वळवून मागचा बॉल घेता येत नाही. व्हीलचेअरच्या खेळासाठी ४४ बाय ७४ सुचवलेलं असतं. नियमाने मला बॉलचे दोन टप्पे मिळतात, पण दुसरा टप्पा बहुतेक वेळा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेच्या, मागे पडतो, आणि तिथे जाळी असेल तर तो नियम असून नसून सारखा.

त्यामुळे मला ठराविक कोर्ट, ठराविक वेळेलाच लागतं. उभ्याने खेळणाऱ्यांबरोबर खेळायला मला आवडतं, त्यांना एक टप्पा, मला दोन, छान चालतं. पण कोर्ट आधी ठरलेलं हवं, आणि ते संध्याकाळीच हवं. मीही दिवसा कामाला जाते.

मधली रेघ

हे वाचून मी माझी मांडणी अशी करते. सहापैकी सगळ्यात ऐसपैस जागेचं टोकाचं कोर्ट व्हीलचेअर खेळाडूंसाठी राखीव. त्या दिवशी कोणी नसेल तरच ते रांगेत. दुसऱ्या टोकाच्या कोर्टावर पहिला तास क्लिनिक, नंतर शिकलेल्यांचाच गेम, तिथल्या तिथे. मधली चार ओपन प्लेला, २४ जणांची मर्यादा, रेघ हलती. आठवड्यातल्या एका संध्याकाळी त्या चारवर बेसलाइन यांचं राउंड रॉबिन, २० जण. खासगी बुकिंग संध्याकाळी नाही.

आठ ते नऊ

म्हणजे माझ्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ. बाकीचे दिवस २४ आधीच नोंदलेले, आणि मी पोचेपर्यंत मर्यादा भरलेली. मर्यादा घातल्यावर तुमच्या ओपन प्लेलाही दार आहेच, फक्त ते लवकर येणाऱ्यांसाठी उघडं आहे. २४ पैकी सहा जागा उशिरा येणाऱ्यांसाठी राखा, आठच्या ठोक्याला सोडा. मग मी तुमच्या बाजूने.

पहाटपाळी

सहा जागा आठला सोडणं जमण्यासारखं आहे. पण तोवर त्या रिकाम्या ठेवायच्या नसतील, तर साडेसहापासून खेळणाऱ्या सहा जणांना आठला उठवायला लागेल. दीड तास झाला की पॅडल रॅकमधून काढायचं, असा नियम दारावर लावायला तयार आहात का सगळे?

ड्रॉप शॉट

मी तयार आहे. चालू गेम संपवून.

बेसलाइन

तयार. क्लिनिकवाल्यांचा तास त्यात धरू नका.