‘गव्हर्नर’ म्हणजे राज्यपाल? आणि ‘प्रायमरी’ला काय म्हणायचं?

प्रश्न: अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या २०२५च्या निवडणुकीवर लिहितेय. ‘मिकी शेरिल राज्यपालपदी निवडून आल्या’ आणि ‘प्राथमिक निवडणूक’ हे दोन्ही प्रयोग खटकतात. दुसरं काय लिहावं?

उत्तर: राज्यपाल नकोच. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. न्यू जर्सीचा गव्हर्नर लोक थेट निवडतात. राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीनं ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) तोच नेमतो, अर्थसंकल्पातली एखादी रक्कम खोडून बाकीच्यावर सही करू शकतो. कामानं तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा, पण सभागृहातलं बहुमत गेलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही. सरळ ‘गव्हर्नर’ लिहा. मुंबई इलाख्यापासून हा शब्द मराठीत रुळलेला आहे.

उत्तर: ‘लेफ्टनंट गव्हर्नर’चं ‘उपराज्यपाल’ तर मुळीच करू नका, डोळ्यांसमोर दिल्ली येते.

उत्तर: आता प्रायमरी. ‘प्राथमिक’ वाचलं की वाटतं, ही त्याच निवडणुकीची पहिली फेरी. प्रत्यक्षात ही तिकिटाची लढत. आपल्याकडे ए-बी फॉर्म कुणाला द्यायचा ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, तिकडे मतदार ठरवतात. १० जून २०२५ला डेमोक्रॅटिक पक्षात सहा जण उभे होते. त्यांत नेवार्कचे महापौर रास बराका होते, जर्सी सिटीचे स्टीव्हन फुलॉप होते. शेरिल यांना साधारण एक तृतीयांश मतं पडली आणि तेवढ्यावर तिकीट मिळालं. रिपब्लिकनांकडून जॅक चिटरेली आले. खरी गाठ नोव्हेंबरात पडली. मी ‘उमेदवारीची निवडणूक’ लिहितो.

प्रश्न: ‘पक्षांतर्गत निवडणूक’ चालेल?

उत्तर: माझा ठाम विरोध. त्याचा अर्थ आपल्याकडे अध्यक्ष, कार्यकारिणी यांची निवडणूक असा होतो. प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते, नेहमीच्या मतदान केंद्रांवर. शिवाय न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलेला मतदार तिथल्या तिथे पक्ष सांगून मत देऊ शकतो. ‘पक्षांतर्गत’ म्हटलं की हा माणूस हिशेबातूनच जातो.

प्रश्न: पटलं. आणि ‘काउंटी लाइन’?

उत्तर: ‘काउंटीचा रकाना’ म्हणा, पण एकदा समजावून सांगा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. काउंटीतल्या पक्षसंघटनेची पसंती असलेले सगळ्या पदांचे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रकान्यात, एकाखाली एक छापत. बाकीचे दूर कोपऱ्यात, शोधावे लागत. म्हणजे निवडणूक मतदारांची, पण श्रेष्ठींचं बोट मतपत्रिकेवर छापलेलं. तेव्हा अमेरिकी सिनेटच्या तिकिटासाठी लढणारे डेमोक्रॅट अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही मांडणी वापरायला मनाई केली. पुढे कायदाही बदलला. २०२५ला प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र होते. लेखात हे जरूर घ्या, सहा जणांची चुरस त्याशिवाय नीट कळणार नाही.