‘आधारावर’ की ‘कोंदणात’?

नौपाडा, ठाणे : कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन तयार करण्याविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. ‘सच्छिद्र कार्बनच्या आधारावर बसवलेले निकेल’ असे लिहिल्यावर मैत्रिणीने विचारले, ‘कार्बनच्या आधारावर म्हणजे अहवालाच्या आधारावर म्हणतात तसे का?’ तिची शंका रास्त आहे. उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा धातू, ज्या पदार्थावर बसवतात त्या ‘सपोर्ट’ला दुसरा कोणता शब्द योजावा?

ऐरोली : रबाळ्याच्या कारखान्यात माझी बावीस वर्षे गेली. तेथे कार्बनवर बसवलेल्या पॅलेडियम धातूच्या उत्प्रेरकाला सारे जण ‘पॅलेडियम कार्बन’ एवढेच म्हणत. वापरून झालेली ती काळी पूड कोरडी पडली तर हवेत पेट घेते, म्हणून ती ओलीच ठेवा, हे प्रत्येक नवख्याला मराठीतून बजावले जाई. ‘सपोर्ट’ला मराठी शब्द मात्र कुणालाच लागला नाही. आपणही ‘निकेल कार्बन’ लिहावे.

वाशी : मी ‘कोंदण’ सुचवते, मला तो ‘कोंदणे’ या क्रियापदाचाच नातलग वाटतो. करवंटीपासून केलेल्या १ ग्रॅम सक्रिय कोळशाचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरपर्यंत भरू शकतो आणि त्यावर धातूचे अतिसूक्ष्म कण विखरून जडवलेले असतात.

नौपाडा, ठाणे : कोंदण खड्याला हलू देत नाही. येथे नेमकी तीच अडचण आहे, कारण कार्बनची धातूवरील पकड बहुधा सैल असते, आणि अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडत असल्याने निकेलचे कण सरकून एकमेकांत मिसळतात व उत्प्रेरक मंदावतो.

कळवा : मुळात ‘कार्बन’ तरी कशासाठी? ‘कर्ब’ आणि ‘कर्बद्विप्राणिद’ (कार्बन डायऑक्साइड) हे शब्द आपण का टाकले? शिवाय ‘सच्छिद्र’ म्हटले की आरपार भोके असलेली चाळण आठवते, ‘रंध्रमय’ म्हणावे. झाडेही हाच वायू पर्णरंध्रांतूनच घेतात.

ऐरोली : ‘कर्बद्विप्राणिद’ वाचून आजचा विद्यार्थी लेख मिटून ठेवील.

कळवा : माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असतो आणि तो शेतकऱ्याला बिनदिक्कत समजतो. मग शेतातला तो कर्ब आणि प्रयोगशाळेतला मात्र कार्बन, हा भेद कशासाठी?

वाशी : ‘रंध्रमय’ मला मान्य आहे, ‘कर्ब’ नाही. कोंदणाऐवजी ‘धारक’ चालेल का?

नौपाडा, ठाणे : ‘धारक’ म्हटले की परवानाधारक डोळ्यांपुढे येतो.