श्रूजबरीच्या पुढेही श्रॉपशर आहे

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यासाठी एकच दिवस, तोही फक्त श्रूजबरी या तिथल्या मुख्य गावात, असा एका प्रवाशाचा बेत वाचला. जमलं तर अजून एक दिवस काढाच. श्रूजबरीहून हेरफर्डकडे जाणारी रेल्वे क्रेव्हन आर्म्स आणि लडलो या गावांना थांबते. क्रेव्हन आर्म्सहून स्टोकसे किल्ला चालत गाठता येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस लोकरीच्या एका व्यापाऱ्याने बांधलेला. नावाला किल्ला, खरं तर तटबंदीचा वाडाच. लडलोचा किल्ला मात्र अस्सल लष्करी.

पण माझा जीव आयर्नब्रिजवर. सेव्हर्न नदीवरचा हा लोखंडी पूल १७७९ मध्ये उभा राहिला आणि १७८१ च्या १ जानेवारीला वाहतुकीला खुला झाला. पुलाखाली उभं राहून सांधे निरखून बघा. सुतार लाकडाला खाचा पाडून एकात एक बसवतो, तेच इथे ओतीव लोखंडात केलंय! नवं साहित्य हाती आलं, पण जोडायची रीत जुनीच वापरली. हे बघायला तरी जाच. आयर्नब्रिज गावात रेल्वे नाही, टेलफर्डहून बस घ्यावी लागते. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.

आणि श्रूजबरीच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. प्लासीवाला तोच, याच परगण्यात जन्मलेला.